अँटनीचा अनावर घोडा : क्लिओपात्रा, रोम आणि प्रेमाचा आरोप

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवलेला आहे : प्राचीन काळचे राज्यकर्ते, त्यांचे प्रेम आणि त्यांची सत्तेची हाव. विषय अफाट आहे, एका तासात मावणारा नाही. म्हणून आम्ही एकच जोडी घेतो, अँटनी आणि क्लिओपात्रा. निवड जरा शिळी वाटेल, पण त्यामागे आमचे एक जुने देणे आहे. ते आधी फेडतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही बरीच वर्षे नीतिशास्त्र शिकवले. त्यात एक प्रश्न हमखास येतो. चांगले काय ते माणसाला कळते, तरी तो उलट का वागतो? दुर्योधनाच्या तोंडी घातलेला प्रसिद्ध श्लोक तुम्हाला आठवला असेलच. हा मुद्दा समजावायला प्लेटोचे रथाचे रूपक फार उपयोगी पडते. आत्मा म्हणजे दोन घोड्यांचा रथ. एक घोडा सुजाण, दुसरा अनावर, आणि सारथ्याची सगळी शक्ती त्या दुसऱ्याला आवरण्यात जाते. कठोपनिषदातही रथ आहे, त्यामुळे आपल्या मुलांना हे लवकर कळते. आता प्लुटार्कने अँटनीचे चरित्र लिहिताना नेमका हाच घोडा वापरला आहे. अँटनीचे क्लिओपात्रेवरचे प्रेम पुन्हा उफाळून आले तेव्हा त्याच्या आत्म्याचा तो अनावर पशू उधळला, असे तो म्हणतो. आम्हाला आयते उदाहरण मिळाले. आम्ही ते वर्षानुवर्षे वापरले, आणि खरे सांगायचे तर रंगवून वापरले.

मग एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण मधली साडेतीन वर्षं हा घोडा होता कुठे?"

आम्ही "बघून सांगतो" म्हणालो. तिने प्लुटार्क वाचला होता आणि आम्ही, तेव्हा तरी, त्यातला सोयीचा भागच वाचला होता. ती विद्यार्थिनी आता स्वतः निवृत्तीला आली असेल. तिचे उत्तर आज देतो.

त्यासाठी आधी क्लिओपात्रेच्या माहेरी जावे लागेल. माहेर म्हणजे राजवाडाच, कारण सासर असे तिला नव्हतेच. अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी याने इजिप्तमध्ये जे ग्रीक-मॅसेडोनियन घराणे स्थापले त्यातली ती शेवटची सत्ताधीश. जन्म इ.स.पू. ६९. तिचा बाप बारावा टॉलेमी, लोक त्याला 'बासरीवाला' म्हणत. हा राजा रोमच्या सावकारांचा ऋणको होता. इ.स.पू. ५८ मध्ये त्याला देश सोडून पळावे लागले. रोममध्ये त्याने कर्ज काढून पुढाऱ्यांना पैसे चारले आणि ५५ मध्ये रोमन सैन्याच्या जोरावर परत आला. आल्यावर पहिले काम काय केले, तर आपल्या गैरहजेरीत गादीवर बसलेल्या स्वतःच्या मुलीला, बेरेनिकेला, ठार मारले. दुसरे काम, कर्ज देणाऱ्या रोमन सावकाराला इजिप्तच्या खजिन्याचा मुख्य अधिकारी नेमले. म्हणजे वसुलीसाठी सावकारच तिजोरीवर बसला. तेव्हा क्लिओपात्रा चौदा वर्षांची होती. त्या रोमन सैन्याबरोबर घोडदळाचा एक तरुण अधिकारी आला होता, त्याचे नाव मार्क अँटनी. तेव्हाच त्यांची नजरानजर झाली अशी एक कथा आहे. तिच्यावर फार वेळ घालवू नये. चौदा वर्षांच्या मुलीने त्या वर्षी काय पाहिले असेल याचा विचार करा : बहिणीचा मृत्यू आणि हिशेबाच्या वह्या.

बाप ५१ मध्ये गेला आणि अठराव्या वर्षी ती धाकट्या भावाबरोबर गादीवर आली. लवकरच भावाच्या सल्लागारांनी तिला हाकलले. इ.स.पू. ४८ मध्ये सीझर अलेक्झांड्रियात उतरला तो पाँपीचा पाठलाग करत, हे खरे. पण तो बासरीवाल्याचे येणेही वसूल करणार होता. एक कोटी द्राख्मांची मागणी प्लुटार्कने नोंदवली आहे. या सीझरसमोर क्लिओपात्रा गुपचूप पोहोचली. गालिच्यात गुंडाळून वगैरे आपण ऐकतो; प्लुटार्क सांगतो ती अंथरुणाची वळकटी आहे, साधी वळकटी, आणि ती खांद्यावर घेऊन जाणारा अपोलोडोरस नावाचा सिसिलीचा माणूस. सीझर बावन्नचा, ती एकवीसची. पुढच्या वर्षी मुलगा झाला, लोक त्याला सीझेरियन म्हणू लागले. ४४ मध्ये सीझरचा खून झाला तेव्हा ती रोममध्येच होती. मृत्युपत्र उघडले, त्यात वारस म्हणून बहिणीचा नातू ऑक्टेव्हियन याचे नाव होते. सीझेरियनचे नावही नव्हते.

आता टार्ससची भेट, इ.स.पू. ४१. सोनेरी नाव, जांभळी शिडे, सुगंध. हे सगळे तुम्ही चित्रपटात पाहिले आहे, आम्ही ते सोडून देतो. चित्रपट एवढेच सांगत नाही की तिला तिथे आरोपी म्हणून बोलावले होते. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅशियसला तिने मदत केली असा संशय होता आणि त्याचा जाब अँटनी विचारणार होता. अँटनीला पूर्वेकडे पार्थियनांशी युद्ध करायचे होते, त्याला पैसा आणि धान्य हवे होते. भूमध्यसमुद्राच्या काठावर या दोन्ही गोष्टी सर्वांत जास्त जिच्याकडे होत्या ती समोर बसलेली. तिला काय हवे होते, तर गादीची हमी. एफिससच्या देवळात आश्रय घेऊन राहिलेली तिची बहीण आर्सिनोई अँटनीच्या हुकमावरून मारली गेली. ही या प्रेमाची पहिली भेटवस्तू. ऐकायला बरे वाटत नाही, पण तिला हमी हवी होती ती अशीच.

मग अलेक्झांड्रियातला तो हिवाळा. इथे आम्ही थोडे रेंगाळतो, कारण ही गोष्ट प्लुटार्कला आजोबांकडून मिळाली आहे. त्याचे आजोबा लॅम्प्रियास यांचा एक वैद्य मित्र होता, फिलोटास. तरुणपणी तो अलेक्झांड्रियात शिकायला होता आणि राजवाड्यातल्या एका आचाऱ्याच्या ओळखीने त्याला मुदपाकखाना पाहायला मिळाला. पाहतो तर आठ रानडुकरे भाजायला लावलेली. "पाहुणे पुष्कळ दिसताहेत," हा म्हणाला. आचारी हसला. पाहुणे बाराच होते. पण अँटनी जेवायला आत्ता बसेल की घटकाभराने, की आधी मद्य मागवील, काही सांगता येत नाही; आणि पदार्थ तर नेमक्या क्षणी तयार हवा. म्हणून एकामागून एक आठ जेवणे शिजत ठेवायची. मजेदार गोष्ट आहे, आम्हीही ती वर्गात सांगून हशा मिळवलेला आहे. या हिवाळ्याची दुसरी बाजूही प्लुटार्कच्या घरातूनच आली आहे, ती शेवटाकडे सांगू.

आता साडेतीन वर्षे. इ.स.पू. ४० च्या आरंभी अँटनी अलेक्झांड्रियातून निघाला. त्याच वर्षी क्लिओपात्रेला जुळी झाली, मुलगा आणि मुलगी. त्याच वर्षी अँटनीने ब्रुंडिसियमला ऑक्टेव्हियनशी तह केला आणि तहाचा शिक्का म्हणून त्याच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न केले. तिच्याबरोबर तो अथेन्समध्ये राहिला, तिच्यापासून त्याला मुली झाल्या. इ.स.पू. ३७ च्या अखेरीस अँटिऑकला बोलावून घेईपर्यंत तो क्लिओपात्रेला भेटलेला नाही. स्वतःच्या जुळ्या मुलांचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. घोडा या काळात तबेल्यात होता, आणि चांगला शहाण्यासारखा होता.

मग ३७ मध्येच का उधळला? त्या वर्षी तारेंतमला पुन्हा करार झाला होता. अँटनीने मेव्हण्याला शंभरावर जहाजे दिली आणि बदल्यात पार्थियन मोहिमेसाठी सैनिक मिळायचे ठरले. जहाजे गेली, सैनिक कबूल केले तसे काही आले नाहीत. पश्चिमेकडून काही मिळणार नाही हे दिसल्यावर त्याने अँटिऑकहून निरोप धाडला. आणि मग देवघेव पाहा. क्लिओपात्रेला सायप्रस मिळाले, फिनिशियाचा पुष्कळसा किनारा मिळाला, सिलिशियाचा काही भाग मिळाला. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर हा जहाजांना लागणारे लाकूड देणारा मुलूख आहे. तिने जहाजे बांधायची, ती त्याच्या उपयोगी पडायची. जेरिकोजवळची बाल्समची मौल्यवान वनेही तिला मिळाली, ती हेरोद राजाच्या राज्यातून तोडून. हेरोदाने तीच मक्त्याने परत घेतली, वर्षाला २०० टॅलेंट देऊन. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. गुणाकार घरी करा. तिला खरे तर हेरोदाचे सबंध राज्य हवे होते, कारण ते तिच्या पूर्वजांच्या ताब्यात पूर्वी होते. तिने पुन्हा पुन्हा मागितले. अँटनीने दिले नाही. हेरोद त्याला उपयोगाचा होता.

जो माणूस साडेतीन वर्षे दूर राहतो, गरज पडल्यावर बोलावतो, आणि बोलावल्यावरही सगळे देत नाही, त्याला प्रेमांध म्हणायचे असेल तर अंध या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

म्हणजे प्रेम नव्हतेच का? थांबा, आम्ही तसे म्हटलेले नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. 'प्रेम की राजकारण' हा प्रश्नच आपला आहे, त्यांचा नव्हे. आपण घर एकीकडे ठेवतो, कचेरी दुसरीकडे. आणि मग विचारतो की हा माणूस तिच्याकडे घरच्या दाराने गेला की कचेरीच्या. टॉलेमींच्या वाड्याला ही दोन दारे नव्हती. तिथे सोयरीक म्हणजेच परराष्ट्र खाते आणि बाळंतपण म्हणजे वारसाहक्काचा दस्तऐवज. रोमच्या बड्या घरांतही फारसे वेगळे नव्हते. अशा घरात वाढलेल्या दोन माणसांना एकमेकांची ओढ लागली तर ती राज्याच्या ओढीपासून सुटी कशी करणार? बरे, दोघे वर्षानुवर्षे एकत्र राहिले, तिसरे मूल झाले, हरल्यावर दोघांनाही एकमेकांना विकून स्वतःला वाचवण्याचे मोह झाले असतील, आणि तरी शेवट एकाच थडग्यात झाला. आम्ही याला प्रेम म्हणायला तयार आहोत. पण याच्यामुळे राज्य बुडाले, हे म्हणायला तयार नाही.

तुलनेला ऑक्टेव्हियनच घ्या ना. इ.स.पू. ३९ मध्ये त्याच्या बायकोला, स्क्रिबोनियाला, मुलगी झाली. त्याच दिवशी त्याने तिला सोडचिठ्ठी दिली. थोड्याच दिवसांत लिव्हियाशी लग्न केले, ती तेव्हा पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती. लग्नात कन्यादान कोणी केले, तर त्या पहिल्या नवऱ्यानेच, आणि तोही काही वर्षांपूर्वी ऑक्टेव्हियनविरुद्ध लढलेला! लिव्हियाबरोबर रोमच्या जुन्या, मानी घराण्यांत पाय रोवायला जागा मिळाली. आणि हा संसार पन्नास वर्षांवर टिकला, मरेपर्यंत. इथेही प्रेम आहे, इथेही सत्ता आहे, घाई तर अँटनीपेक्षा जास्त आहे. पण ऑक्टेव्हियनला कोणी प्रेमांध म्हणत नाही, कारण तो जिंकला आणि पुढे ऑगस्टस झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. 'प्रेमांध' ही पदवी अँटनीला मिळाली कशी?

इ.स.पू. ३४ मध्ये अलेक्झांड्रियाच्या व्यायामशाळेत एक समारंभ झाला. रुपेरी चौथऱ्यावर सोन्याची सिंहासने. क्लिओपात्रा आणि तिची चारही मुले त्यांवर बसली आणि अँटनीने पूर्वेकडची राज्ये त्यांच्यात वाटून दिली. काही तर अजून जिंकलेलीही नव्हती. सीझेरियन हा सीझरचा खरा मुलगा, असेही जाहीर झाले. हा टोला सरळ ऑक्टेव्हियनला होता, कारण त्याची सगळी पत दत्तकपणावर उभी होती. ३२ मध्ये अँटनीने ऑक्टेव्हियाला सोडचिठ्ठी दिली. ऑक्टेव्हियनने मग व्हेस्टाच्या पुजारिणींकडे ठेवलेले अँटनीचे मृत्युपत्र हिसकावून आणले आणि सिनेटमध्ये वाचून दाखवले. मी रोममध्ये मेलो तरी माझा देह अलेक्झांड्रियाला क्लिओपात्रेकडे पाठवा, अशी इच्छा त्यात होती म्हणे. रोमन लोक यावर फार चिडले.

आणि मग युद्ध पुकारले ते फक्त क्लिओपात्रेविरुद्ध. बेलोनाच्या देवळासमोर जुन्या विधीप्रमाणे परक्या शत्रूवर भाला फेकून. अँटनीचे अधिकार काढून घेतले, पण त्याला शत्रू म्हटले नाही. का? चारच वर्षांपूर्वी ऑक्टेव्हियनने यादवी संपली असे लोकांना सांगितले होते. आता पुन्हा रोमनांविरुद्ध रोमन असे कसे म्हणणार? शिवाय त्या वर्षीचे दोन्ही कॉन्सल आणि पुष्कळ सिनेटर अँटनीकडे निघून गेले होते. त्यांना परतीची वाट मोकळी ठेवायला हवी. मग अँटनी भारलेला, भुललेला, शुद्धीवर नसलेला ठरतो. भुललेल्याचे सैनिक शत्रूचे सैनिक नसतात, ते कधीही इकडे येऊ शकतात. प्रेमाचा आरोप ही अशी मोठी कामाची गोष्ट होती. अँटनीने ऑक्टेव्हियनला एक पत्र लिहून त्याच्या स्वतःच्या भानगडी मोजून दाखवल्या, सुएटोनियसने ते जपले आहे. पत्र असभ्य आहे, इथे वाचता येणार नाही. मुद्दा मात्र चोख होता, त्याचा उपयोग झाला नाही.

हा आरोप किती लांब पोहोचला पाहा. शेक्सपियरचे नाटक वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठीत आणले, त्याचे नाव 'वीरमणी आणि शृंगारसुंदरी'. तो वीर आणि ती शृंगार! दोन हजार कोसांवरच्या आणि अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या निकालपत्राची ही मराठी नक्कल. केळकरांना दोष देत नाही. आम्ही तरी वर्गात दुसरे काय करत होतो?

शृंगारसुंदरीचे प्रत्यक्ष काम कसे होते त्याचा एक कागद सापडला आहे. इजिप्तमध्ये जुने पपायरस भिजवून ममीची वेष्टने करत, तशा एका वेष्टनातून तो निघाला, आता बर्लिनमध्ये आहे. तारीख इ.स.पू. ३३ च्या फेब्रुवारीतली. एका रोमन माणसाला वर्षाला १०,००० माप गहू बाहेर न्यायला आणि ५,००० कुंभ मद्य आत आणायला करमाफी दिली आहे. नाव काही अभ्यासक कॅनिडियस असे वाचतात, काही वेगळे. तळाशी दुसऱ्या हाताने एकच ग्रीक शब्द आहे, 'तसे व्हावे' अशा अर्थाचा. तो राणीच्या हातचा असावा असे काहींचे मत आहे. कॅनिडियस हा अँटनीचा सेनापती. पुढच्या वर्षी राणीला छावणीतून परत पाठवावे असा घोष अँटनीच्या माणसांनी लावला तेव्हा तिची बाजू घेऊन बोलला तो हाच. तिने पैसे चारले म्हणून बोलला, असे प्लुटार्क म्हणतो. पण त्याचा युक्तिवादही तोच देतो, आणि तो बिनतोड आहे : ८०० जहाजांपैकी २०० तिची, २०,००० टॅलेंट तिचे, सैन्याचे धान्य तिचे; तिला घरी कसे पाठवणार?

ॲक्टियमबद्दल थोडक्यातच. २ सप्टेंबर, इ.स.पू. ३१. लढाईच्या मध्यात क्लिओपात्रा साठ जहाजे घेऊन निघून गेली, अँटनी तिच्या मागे गेला; घोडा उधळल्याचा हा सर्वांत मोठा पुरावा मानतात. पण अग्रिपाने आधीच एकेक बंदर घेऊन रसद तोडली होती, छावणीत रोगराई होती, माणसे रोज पळत होती. आणि लढाईला निघताना अँटनीने जहाजांवर शिडे चढवून घेतली होती. त्या काळी वल्ह्यांवर लढत, शिडे किनाऱ्यावर ठेवत. शिडे बरोबर घेणारा माणूस कोंडी फोडून निघण्याच्या तयारीत असतो. पुष्कळ आधुनिक इतिहासकार असेच मानतात, आम्हालाही ते पटते.

आता प्लुटार्कच्या घरातली ती दुसरी गोष्ट, त्याचे पणजोबा निकार्कस सांगत ती. त्यांचे गाव कैरोनिया. अँटनीच्या सैन्यासाठी गावातल्या सगळ्या नागरिकांना ठरावीक मापाचा गहू खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत, अँटिकिरापर्यंत, न्यावा लागला. मागून चाबूक. एक खेप पोहोचवली. दुसऱ्या खेपेचे माप झाले, पोती उचलायची वेळ आली, तोच अँटनी हरल्याची बातमी आली. शिपाई आणि कारभारी पळाले. गावाने तो गहू आपसांत वाटून घेतला. आठ रानडुकरांची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच पुस्तकात आहे. आम्ही वर्गात फक्त पहिली सांगत आलो, याची आता लाज वाटते.

शेवट तुम्हाला माहीत आहे. इ.स.पू. ३० चा ऑगस्ट, अँटनी मेला, मग ती. सापाबद्दल खरे कोणालाच ठाऊक नाही असे प्लुटार्कच लिहितो, आपण कशाला भांडा? ऑक्टेव्हियन शहरात शिरला तो एका तत्त्वज्ञाचा हात धरून. एरिअस त्याचे नाव, अलेक्झांड्रियाचाच, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. या शहराला मी क्षमा करतो, आणि त्याचे एक कारण हा माझा मित्र, असे ऑक्टेव्हियनने जाहीर केले. याच एरिअसने सीझेरियनबद्दल सल्ला दिला. होमरच्या एका ओळीतले शब्द फिरवून त्याने सुचवले की सीझर फार असणे बरे नव्हे. मुलगा सतराच्या आसपासचा होता. मारला गेला. शहर वाचवणारा आणि मुलगा मारवणारा माणूस एकच आणि तो तत्त्वज्ञ. अनावर घोड्याचे उदाहरण आम्ही याच्याबद्दल कधी दिले नाही.

सीझेरियनला आईने आधीच पुष्कळ धन देऊन इथिओपियामार्गे भारताकडे रवाना केले होते. वाटेत त्याच्या शिक्षकाने त्याला समजावले की ऑक्टेव्हियन तुला राज्य देणार आहे, परत चल. तो परतला. भारतात कोणत्या बंदराला जायचे होते ते प्लुटार्क सांगत नाही. पण पाच-सहा वर्षांतच स्ट्राबो इजिप्तमध्ये आला, तेव्हा तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोसहून भारताकडे १२० जहाजे जात असल्याचे त्याला कळले. पुढच्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये तर भडोच, सोपारा, कल्याण अशी आपल्या ओळखीची नावे ओळीने येतात, पैठण आणि तेरचाही उल्लेख आहे. शिक्षकाचे न ऐकता तो मुलगा पुढे आला असता तर अशाच एखाद्या धक्क्याला लागला असता.

दुसरी मुले रोमला गेली आणि त्यांना वाढवले ऑक्टेव्हियाने, सोडचिठ्ठी दिलेल्या बायकोने. जुळ्यांतली मुलगी सेलेनी पुढे मॉरिटेनियाच्या ज्युबा राजाला दिली; तिच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत 'राणी क्लिओपात्रा' आणि खाली नाइलची मगर आहे. ऑक्टेव्हियावर एखादे व्याख्यान करावे असे फार दिवस मनात आहे, पण आज वेळ संपली. प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या बाकावरून आधी.